परदेशातल्या सेमिस्टरच्या जागा वाढवा, पण त्या विकू नका

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सर्व सदस्य, गोवा विद्यापीठ
मा. संचालक, उच्च शिक्षण संचालनालय, गोवा सरकार
आणि गोव्यातील महाविद्यालयांचे प्राचार्य

स. न. वि. वि.

भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, तीही बहुतेक उत्तर गोव्यात. डिचोली, सत्तरी, पेडणे इथली मुले माझ्या वर्गात बसली आणि आता त्यांची मुले कॉलेजात आहेत. जुने विद्यार्थी अजून फोन करतात. पूर्वी विचारायचे, बारावीनंतर मुलीला कुठे घालू? हल्ली विचारतात, "मॅडम, कॉलेजवाले एक सेमिस्टर बाहेर पाठवतात म्हणे. पाठवू काय?" त्यापुढचे वाक्य बहुधा पैशांचे असते. याचे उत्तर मी एकटी देऊ शकत नाही. ते तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला आणि उघडपणे लिहिते आहे.

आमच्या मुलांनी बाहेर जावे, खूप जणांनी जावे, असे मला मनापासून वाटते. माझे मागणे एवढेच आहे की परदेशी जाण्याच्या जागा वाढवताना त्यांची सांगड गोव्यात येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांशी घाला. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे गोव्याच्या एका विद्यार्थ्याला परदेशात बिनफीची जागा मिळाली पाहिजे, आणि ती जागा आधी अशा मुलाला मिळाली पाहिजे ज्याच्या घरून हा खर्च कधीच झाला नसता. वाढ त्या प्रमाणात होऊ द्या. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला जागा, असे ठरले तर आकडे झपाट्याने वाढतील, पण ती वाढ गोव्याची नसेल.

आता नियम आडवे येत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परदेशी विद्यापीठात मिळवलेली क्रेडिट्स (अभ्यासाच्या तासांवरून मोजलेली एकके) इथल्या पदवीत धरण्याची वाट मोकळी केली. २०२१ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची क्रेडिट्स जमा ठेवणारी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) परदेशी विद्यापीठाबरोबर चालवायच्या ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल पदव्यांचे नियम काढले; ट्विनिंगमध्ये, म्हणजे पदवी इथली पण काही भाग परदेशात शिकायचा त्या प्रकारात, एकूण क्रेडिट्सच्या ३० टक्क्यांपर्यंत परदेशातली चालतात. गोव्यात २०२३-२४ पासून चार वर्षांची पदवी सुरू झाली आणि तिची पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षात पोचते. एक सेमिस्टर बाहेर काढायला चौथ्या वर्षाइतकी सोयीची जागा पदवीत दुसरी नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो किती जणांनी, कोणी आणि कोणाच्या पैशाने जायचे, हा.

या प्रश्नाशी दुसऱ्या देशांनी बरीच झटापट केलेली आहे आणि तिचा उपयोग आपण करून घेतला पाहिजे. अमेरिकेत पदवीचे एक वर्ष परदेशात काढण्याची पद्धत १९२३ मध्ये डेलावेअर विद्यापीठाने सुरू केली, तेव्हा एका प्राध्यापकाबरोबर आठ विद्यार्थी फ्रान्सला गेले. त्यानंतर संख्या वाढत गेली आणि २००५ मध्ये तिथल्या लिंकन आयोगाने २०१६-१७ पर्यंत वर्षाला दहा लाख विद्यार्थी बाहेर पाठवण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०१८-१९ मध्ये, म्हणजे कोविडच्या आधीच्या शेवटच्या पूर्ण वर्षात, प्रत्यक्ष संख्या होती ३,४७,०९९. उद्दिष्टाच्या जेमतेम एक तृतीयांश. शिवाय त्यांतले निम्म्याहून अधिक विद्यार्थी आठ आठवडे किंवा त्याहून कमी काळासाठी किंवा उन्हाळी सुटीत गेलेले असतात. आकडा गाठायचा म्हटले की मुक्काम आखडतो, सेमिस्टरचे दौऱ्यात रूपांतर होते. आपल्याकडेही दहा दिवसांच्या सहलीला अभ्यासक्रमाचे नाव देऊन अहवालात आकडा दाखवणे सोपे आहे. ते करू नका अशी माझी पहिली विनंती.

युरोपचा अनुभव मला जास्त जवळचा वाटतो. युरोपीय देशांतल्या विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीची एरॅस्मस योजना १९८७ मध्ये ११ देशांत सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले. आज ती कुठच्या कुठे पोचली आहे. ती टिकली याची कारणे अगदी साधी आहेत. यजमान विद्यापीठ आलेल्या विद्यार्थ्याकडून शिकवणीची फी घेत नाही. निघण्यापूर्वी विद्यार्थी, पाठवणारे विद्यापीठ आणि बोलावणारे विद्यापीठ अशा तिघांच्या सहीचा एक करार होतो, त्यात कोणते विषय घेणार आणि परतल्यावर ते कशाच्या जागी धरणार हे लिहिलेले असते. आणि विद्यार्थ्याच्या हातात अनुदान पडते. २०१५ पासून या योजनेची क्रेडिट मोबिलिटी, म्हणजे काही काळ बाहेर शिकून क्रेडिट्स घेऊन परतण्याची सोय, भारतासारख्या युरोपबाहेरच्या देशांनाही खुली आहे, प्रवासखर्च आणि दरमहा निर्वाहभत्ता धरून. मात्र तिचा अर्ज युरोपातल्या भागीदार विद्यापीठाने करायचा असतो. म्हणजे आपल्याकडे एखादा माणूस सतत त्या विद्यापीठांशी पत्रव्यवहार ठेवून, आमचे नाव तुमच्या अर्जात घाला म्हणून मागे लागलेला हवा. नुसत्या सामंजस्य करारावर सह्या करून आणि पुष्पगुच्छ देऊन हे होत नाही.

पालकांना बहुतेक वेळा एक फरक कोणी समजावून सांगत नाही. परदेशी सेमिस्टर दोन प्रकारचे असते. एका प्रकारात दोन विद्यापीठांची अदलाबदल असते. विद्यार्थी आपल्या कॉलेजची नेहमीची फी इथेच भरतो, तिथे फी माफ. दुसऱ्या प्रकारात तो परदेशी विद्यापीठाची पूर्ण फी भरून जातो, आपले कॉलेज फक्त शिफारस करते. जाहिरातीचे पत्रक दोन्हींचे सारखेच दिसते. घरावर पडणारा भार मात्र अजिबात सारखा नाही.

सत्तरीतल्या एका मुलीचे सांगते. वडिलांचा ट्रक खाणीवर चालायचा. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ती शाळेत होती. ट्रकचे हप्ते थकले, पुढे ट्रकही गेला, आता घर काजू आणि थोड्या सुपारीवर चालते. मुलगी हुशार, वर्गात पहिली. तिची परदेशी सेमिस्टरसाठी निवड झाली, कॉलेजच्या फलकावर फोटो लागला. मग खर्चाचे पत्र आले. फी, व्हिसा, विमा, तिकीट, राहणे मिळून सात लाखांच्या आसपास, आणि पहिला हप्ता तीन आठवड्यांत. तिच्याकडे पासपोर्टही नव्हता. वडील दोन बँकांत जाऊन आले. शेवटी तिने स्वतःच नाव मागे घेतले आणि तिच्या जागी यादीतला पुढचा विद्यार्थी गेला. त्या विद्यार्थ्याला माझा काही आक्षेप नाही, तोही चांगलाच असणार. पण गुणांनी मिळालेली जागा पैशांनी हातची गेली, आणि कॉलेजच्या दप्तरात मात्र एक जागा भरली अशीच नोंद राहिली.

खर्च किती मोठा असतो याचे एकच उदाहरण देते. जर्मनीत शिकायला जाणाऱ्याला व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, पैसे दाखवावे लागतात. २०२४ पासून ती रक्कम महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ युरो आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नसते, तरी सहा महिन्यांसाठी पाच लाखांच्या वर रुपये आधी हातात हवेत. म्हणजे फीमाफी मिळाली तरी काम संपत नाही, राहण्याखाण्याचा प्रश्न उरतोच. गोवा शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देते आणि त्याने कितीतरी घरांना हात दिला आहे. पण एका सेमिस्टरसाठी कर्ज काढ असे काजूच्या बागेवर जगणाऱ्या बापाला मी सांगू शकत नाही. इथे कर्ज नको, शिष्यवृत्ती हवी.

गोव्यात आणखी एक विषमता आहे, तिच्याबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या कुटुंबांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे आणि अनेकांनी तो घेतला. त्यांचा तो हक्क आहे. परिणाम असा की एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला युरोप म्हणजे व्हिसाशिवाय जाण्याची जागा, तर दुसऱ्याला बँकेची स्टेटमेंटे, आयकराचे रिटर्न, हमीपत्रे आणि मुलाखत. अमेरिकेचा विचार केला तर मुलाखतीसाठी मुंबई गाठणे आलेच. निवडीचा नियम दोघांना सारखा ठेवून न्याय होत नाही. ज्याचा मार्ग लांबचा आहे त्याला आधी सांगावे लागते, आधी कागद करून द्यावे लागतात.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. आपण गरीब राज्य नाही, पण आपल्या विद्यापीठाकडे जगभर मुले पाठवण्याइतका पैसा नाही, हे मला माहीत आहे. मात्र आपल्याकडे अशी एक गोष्ट आहे जी बहुतेक भारतीय विद्यापीठांकडे नाही: परदेशी विद्यार्थ्याला गोव्यात यावेसे वाटते. त्याला बोलवायला जाहिरात लागत नाही. आणि समुद्रकिनारा बाजूला ठेवला तरी त्याने शिकायला यावे असे इथे पुष्कळ आहे. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पासूनची, तिथे पोर्तुगीज कागदांबरोबर मोडी कागदही आहेत. १८३२ मध्ये सुरू झालेले कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय आणि सागरी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. खाजन शेती आहे. भरतीचे खारे पाणी बांधांनी आणि मानशींनी (पाणी अडवण्या-सोडण्याच्या दारांनी) अडवून शतकानुशतके केलेली ती शेती पाहायला मी दरवर्षी मुलांना घेऊन जात असे, आणि माझी खात्री आहे की समुद्राची पातळी वाढण्याची चिंता करणाऱ्या कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याने ती एकदा चिखलात उतरून पाहावी. म्हादईचे खोरे आहे, पश्चिम घाट आहे, बंद पडलेल्या खाणींचे डोंगर आणि त्यांखालची गावे आहेत.

हे सगळे आपण फुकट देऊ नये आणि रोख विकूही नये. त्याच्या बदल्यात जागा घ्याव्यात. अदलाबदलीचा करार दोन्ही बाजूंची संख्या जुळली तरच टिकतो. भारतातल्या बऱ्याच विद्यापीठांची अडचण अशी की जायला सगळे तयार, यायला कोणी नाही, आणि म्हणून करार कागदावर राहतात. गोव्याची ती अडचण नाही. परदेशी विद्यापीठ म्हणाले की आम्हाला वर्षाला वीस विद्यार्थी गोव्यात पाठवायचे आहेत, तर आपले उत्तर असावे: या, आणि आमच्या वीस जणांना फीमाफ जागा द्या. त्यांना फी भरूनच यायचे असेल तर त्या फीचा ठरलेला हिस्सा थेट आमच्या मुलांच्या निर्वाहनिधीत जावा, विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात नव्हे.

पण येणाऱ्यांची वाढही नीट हाताळावी लागेल. इटलीतल्या फ्लॉरेन्सकडे पाहा. तिथे अमेरिकी विद्यापीठांचे डझनावारी कार्यक्रम आहेत. पुष्कळ ठिकाणी मुले आपल्याच देशाच्या मुलांबरोबर राहतात, आपल्याच भाषेत, आपल्याच प्राध्यापकांकडे शिकतात. गाव त्यांच्यासाठी पार्श्वभूमीचे चित्र होऊन बसते. गोव्यात हे व्हायला वेळ लागणार नाही. आसगाव किंवा शिवोलीत एक जुने घर भाड्याने घ्यायचे, बाहेरून शिक्षक आणायचे, आणि विद्यापीठाचे फक्त नाव वापरायचे. असा कार्यक्रम कितीही पैसे देत असला तरी त्याला मान्यता देऊ नका. परदेशी विद्यार्थी आमच्या मुलांच्या वर्गात बसला पाहिजे, त्याच परीक्षेला बसला पाहिजे, एखाद्या गोमंतकीय मुलाबरोबर जोडीने प्रकल्प केला पाहिजे. ज्या मुलाला परदेशी जायला मिळणार नाही, आणि बहुसंख्य मुलांना ते मिळणार नाहीच, त्याला वर्गातल्या त्या परदेशी सोबत्यामुळे निदान थोडे जग इथे भेटेल. मला तर वाटते की संख्येच्या दृष्टीने या योजनेचा सर्वांत मोठा फायदा हाच असेल.

राहण्याचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. ताळगाव, बांबोळी, दोना पावला इथली भाडी काणकोण आणि पेडण्याहून येणाऱ्या मुलांना आजच झेपत नाहीत. त्यात सेमिस्टरपुरता येणारा आणि युरोत विचार करणारा भाडेकरू आला तर घरमालक कोणाला खोली देईल हे सांगायला नको. वसतिगृहाच्या खाटा वाढल्याशिवाय येणाऱ्यांची संख्या वाढवू नये आणि नव्या खाटांतला ठरलेला वाटा दूरच्या तालुक्यांतल्या मुलांसाठी राखावा. कायद्याची बाजूही आहे. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाने पोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते, आणि घर देणाऱ्याने पाहुण्याची माहिती चोवीस तासांत नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यायची असते. गावातल्या घरमालकिणीला हे कोणी सांगितले नाही तर पोलिसांच्या दारात तिला जावे लागेल. हे काम विद्यापीठाने अंगावर घ्यावे.

शिवाय ज्या गावात हे विद्यार्थी अभ्यासाला जातील त्या गावाचेही काही देणे लागते. प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्या संशोधकांना आमच्या लोकांनी आजवर भरभरून माहिती दिली, चहा दिला, जेवू घातले. त्या अभ्यासाचे पुढे काय झाले हे गावाला फार क्वचित कळते. प्रत्येक प्रबंधाची एक प्रत मध्यवर्ती ग्रंथालयात आणि मराठी किंवा कोकणीत दोन पानी सारांश संबंधित पंचायतीत जमा झाल्याशिवाय क्रेडिट मिळू नये. याला एक पैसाही खर्च नाही.

क्रेडिटचा विषय कोरडा आहे, पण मुलांचे सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १,२०० तास आणि ४० क्रेडिट्स. युरोपात वर्षाची ६० क्रेडिट्स आणि १,५०० ते १,८०० तास. आता मुलगा तिथे एका सेमिस्टरची ३० क्रेडिट्स करून आला. वर्षाच्या प्रमाणात पाहिले तर ती आपली २० होतात. तासांनी मोजली तर २५ ते ३० होतात. एक कॉलेज एक हिशेब धरेल, दुसरे दुसरा, आणि भांडण विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर होईल. मला माहीत असलेल्या एका मुलाला परतल्यावर एक विषय पुन्हा द्यावा लागला, कारण तिथल्या विषयाचे नाव इथल्या अभ्यासक्रमातल्या नावाशी जुळत नव्हते. अभ्यास तोच होता. त्यात त्याचे वर्ष लांबले आणि मिळालेली नोकरी हुकली.

गोव्याला तरी हे दुःख नवे नाही. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या पणजीच्या वैद्यकीय शाळेतून पदवी घेतलेल्या डॉक्टरांना पोर्तुगालमध्ये प्रॅक्टिस करायची तर तिथे जाऊन पुन्हा शिकावे आणि परीक्षा द्याव्या लागत. आपल्या पणजोबांच्या पिढीने दुसऱ्याने आपले शिक्षण न मानण्याचा अपमान सोसला. आता आपणच आपल्या मुलांचे बाहेरचे शिक्षण मानायला खळखळ करू नये. विद्यापरिषदेने सगळ्या कॉलेजांसाठी एकच तक्ता करावा, निघण्यापूर्वी तिघांच्या सहीचा करार करावा, आणि एकदा सही झाली की विषय परत आल्यावर नाकारता येणार नाही असा ठराव करावा. वेळापत्रकाचेही पाहावे. आपले सेमिस्टर पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या सुमारास संपते, युरोपचे सप्टेंबरात सुरू होते. सातव्या किंवा आठव्या सेमिस्टरमध्ये संशोधन प्रकल्पाशी जोडून पाठवले तर ही ओढाताण बरीच कमी होईल.

जबाबदारीबद्दल मला जे वाटते ते अनुभवातून आले आहे. परदेशी एका अभ्यासदौऱ्यात मी शिक्षिका म्हणून बरोबर होते. एका मुलाच्या पोटात मध्यरात्री कळ आली. अपेंडिक्स. रुग्णालयाने विचारले, विम्याचा क्रमांक काय, संमतीची सही कोण करणार? विम्याचे कागद ट्रॅव्हल एजंटकडे, एजंटचा फोन बंद. कॉलेजमध्ये त्या वेळी फोन उचलणारे कोणी नव्हते आणि असा फोन येऊ शकतो याचा विचारही कोणी केलेला नव्हता. आईवडिलांना डिचोलीत झोपेतून उठवून मी फोनवर त्यांची संमती घेतली. मुलगा बरा झाला. पण त्या रात्रीपासून माझे मत पक्के आहे की ज्या संस्थेत चोवीस तास उचलला जाणारा फोन नाही, तिने एकही विद्यार्थी देशाबाहेर पाठवू नये. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण विमा असणे आणि रात्री दोन वाजता तो वापरता येणे यांत फार अंतर आहे.

संकटे मोठीही येतात. मार्च २०२० मध्ये जगभरच्या विद्यापीठांना आपली मुले घाईघाईने परत बोलवावी लागली. अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्यांची संख्या २०२०-२१ मध्ये १४,५४९ वर आली. २०२२ मध्ये युक्रेनमधून ऑपरेशन गंगाखाली सुमारे २२,५०० भारतीयांना आणले गेले, त्यांतले बहुतेक विद्यार्थी होते. अशा वेळी आपली मुले नेमकी कुठल्या शहरात, कुठल्या पत्त्यावर आहेत याची यादी उच्च शिक्षण संचालनालयाकडे तयार हवी, वर्तमानपत्रांतून आवाहन करून ती गोळा करण्याची पाळी येऊ नये.

एजंटांबद्दल थोडक्यात. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने विद्यापीठांच्या परदेशी कार्यक्रमांबाबत चौकशी सुरू केली होती. परदेशी कार्यक्रम चालवणाऱ्या मध्यस्थ संस्था विद्यापीठांच्या कार्यालयांना मोफत परदेशवाऱ्या, सूट आणि कमिशन देतात आणि मग विद्यार्थ्यांना त्यांच्याच कार्यक्रमांकडे वळवले जाते, असा तो विषय होता. आपल्याकडे हा धंदा वाढण्याच्या आधीच नियम करा. मध्यस्थाकडून कोणत्याही रूपात लाभ घेतला असेल तर तो जाहीर करणे बंधनकारक हवे, आणि बरोबर जाणाऱ्या शिक्षकाचे तिकीट विद्यार्थ्यांच्या फीतून निघू नये.

कोणी म्हणेल, पेडण्याच्या मराठी एम. ए. च्या मुलीला परदेशी जाऊन काय करायचे आहे? तिच्यासारखे कारण फार थोड्यांकडे असेल. पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या सार्वजनिक ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवलेली मराठी आणि कोकणी रामायण-महाभारतकथांची हस्तलिखिते आहेत. जेझुइट धर्मगुरूंनी ती गोव्यात लिहवून घेतली आणि ती तिकडे गेली. लिस्बनच्या अभिलेखागारांत आपल्या गावांची, देवळांची, गावकऱ्यांची नावे पडून आहेत. ते कागद वाचायला मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही येणारा माणूस लागतो, आणि तो घडेल तर इथेच घडेल. सत्तरीच्या पिसुर्ल्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर त्या दोन्ही जगांत लीलया वावरले आणि मराठ्यांच्या इतिहासाला त्यांनी किती दिले हे अभ्यासकांना माहीत आहे. साखवाळच्या बौद्ध साहित्याचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींना १९१० मध्ये हार्वर्डला जाता आले, कारण तिथे 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या चिकित्सित आवृत्तीचे काम होते आणि ते करू शकणारा माणूस त्यांना हवा होता. आधी काम होते, मग प्रवास झाला. आमच्या मुलीला ब्रागाला पाठवताना तिच्या हातात तसेच एखादे काम द्या. दोन वर्षे आधी पोर्तुगीज शिकवा, मोडी शिकवा, आणि मग पाठवा. अशा पाच जणी गेल्या तरी गोव्याच्या इतिहासाचे लेखन बदलेल.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. नवा कोणताही करार करण्यापूर्वी तो अदलाबदलीचा आहे की फी भरण्याचा, एकूण खर्च किती, आणि मध्यस्थ कोण, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मराठी, कोकणी आणि इंग्रजीत जाहीर करा. अदलाबदलीच्या निम्म्या जागा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलांसाठी ठेवा, आणि त्यांच्या निर्वाहखर्चासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फीतून व सरकारच्या अनुदानातून निधी उभारा. निवड जाण्याच्या एक वर्ष आधी करा, म्हणजे पासपोर्ट, भाषा आणि कागद यांना वेळ मिळेल. साखळी, केपे, पेडणे, काणकोणसारख्या ठिकाणच्या कॉलेजांत पासपोर्टचे शिबिर पहिल्याच वर्षी भरवा. या कामासाठी पूर्ण वेळ, कायम नेमणुकीची माणसे घ्या. लेक्चर बेसिसवरच्या, म्हणजे तासांच्या हिशेबाने तात्पुरत्या नेमलेल्या, तरुण शिक्षकाला समन्वयक नेमून, त्याच्या सोळा तासांवर हे ओझे टाकून चालणार नाही. पुढच्या वर्षी तो त्या कॉलेजात असेलच असे नाही. आणि दरवर्षी किती गेले याबरोबरच कोण गेले, कुठल्या तालुक्यातून गेले, किती जणांनी पैशाअभावी नाव मागे घेतले, किती जणांची क्रेडिट्स पूर्ण धरली गेली, हेही प्रसिद्ध करा. नाव मागे घेणाऱ्यांचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आज कुठेच लिहिला जात नाही.

येत्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी विद्यापरिषदेने या विषयावर एक खुली बैठक घ्यावी. ती ताळगावच्या पठारावर न घेता वाळपईत किंवा केप्यात, रविवारी घ्यावी, म्हणजे पालकांना रोजंदारी न बुडवता येता येईल. बोलावलेत तर मी येईन, आणि माझ्याकडे जमलेली खर्चाची पत्रके, फीच्या पावत्या आणि पालकांची पत्रे त्यांच्या परवानगीने तुमच्यासमोर ठेवीन.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
डिचोली, गोवा